दोब्रिन्काचा ग्लास

मंगळवारी सकाळी सातला वीस मिनिटं कमी असताना दोब्रिन्का इस्पितळाच्या फाटकापाशी आली, तेव्हा फाटकावर नेदाकाकूचा फोटो लावलेला होता.

फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असावा. केस अजून काळे, गळ्याशी पांढरी लेस. भोवती काळी चौकट, वर क्रूस, खाली नाव आणि वय : नेदा त्रिफोनोवा, ७८. त्याखाली नेहमीचा मजकूर. गावात कुणी गेलं की असा कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडांच्या खोडांवर लागे, आणि इस्पितळाच्या फाटकावर तर लागेच. सुट्टीवरून आलं की आधी फाटक वाचायचं आणि मग वॉर्डात जायचं, ही दोब्रिन्काची अडतीस वर्षांची सवय होती. आपल्यामागे कोण गेलं ते तिथेच कळे.

शुक्रवारी संध्याकाळी ती बहिणीच्या गावी द्राक्षतोडणीला गेली होती. ती निघाली तेव्हा नेदाकाकूने अर्धी वाटी दही खाल्लं होतं आणि दही आंबट आहे म्हणून कुरकुरही केली होती. न्यूमोनिया उतरणीला लागला होता. दोन दिवस ताप नव्हता. म्हातारी माणसं अशी सावरता सावरता जातात हे दोब्रिन्काला ठाऊक होतं. पण नेदाकाकू त्यातली नव्हती. याबाबतीत दोब्रिन्काचा अंदाज कधी चुकत नसे, आणि हे सगळं इस्पितळ जाणून होतं.

तिने क्रूसाची खूण केली. मग तिच्या लक्षात आलं की अंत्यविधीचा वार आणि वेळ छापलेलीच नाही. तिथे नुसती रेघ होती, मागाहून पेनाने भरायला सोडतात तशी.

डॅन्यूबवरचं धुकं तोवर अंगणातल्या लिंडनच्या झाडापर्यंत आलं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर गेली, पांढरा कोट चढवला आणि चार नंबरच्या खोलीचं दार उघडलं.

नेदाकाकू खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिचे डोळे उघडे होते. ते सावकाश वळले आणि दोब्रिन्कावर येऊन थांबले.

खोलीत आणखी तिघी होत्या. तिघींनी भिंतीकडे तोंडं केली होती. आणि नेदाकाकूच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याचा ग्लास होता.

त्या ग्लासाबद्दल आधी सांगायला हवं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी दोब्रिन्काने पहिला ग्लास ठेवला. धान्याच्या कोठारावरचा एक हमाल होता. त्याचे मोजके श्वास उरलेत हे तिला दिसत होतं, डॉक्टरांना दिसत नव्हतं. त्याला तासातासाला टोचणं चाललं होतं. तिच्या आजीच्या खेड्यात मरणाऱ्याच्या खिडकीत पाणी ठेवत, जाणाऱ्याला तहानलेलं निघावं लागू नये म्हणून. दोब्रिन्काने वॉर्डातला चहाचा ग्लास घेतला, काठाखालच्या निळ्या रेषेपर्यंत भरला आणि खिडकीत ठेवला. आयाबायांनी तो पाहिला आणि त्या हळू बोलायला लागल्या. कुणीतरी त्याच्या बायकोला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला तेव्हा बायकोने त्याचा हात धरलेला होता आणि हातात सुई नव्हती.

दोब्रिन्काला हवं होतं ते एवढंच. त्यानंतर ती ग्लास ठेवत राहिली. इस्पितळाचे तीन प्रमुख बदलले, ग्लास राहिला. ग्लास दिसला की उगाच टोचायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, हे नव्या आलेल्यालाही पहिल्याच आठवड्यात कळे. कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणाला काही सांगावं लागत नसे, म्हणून तर ते चांगलं वाटे.

नव्या मुली विचारत, तुम्हाला कळतं कसं. ती सांगे : आधी हात गरम करा, मग माणसाला हात लावा. यंत्राच्या आधी तोंडाकडे बघा. नाकाचं टोक बघा, गुडघ्यावरची कातडी बघा, माणूस पांघरुणाची कड कशी चिमटतो ते बघा. आणि खाटेशी उभं राहून खाटेवरच्याबद्दल बोलू नका, कान सगळ्यात शेवटी जातात. मुली वहीत लिहून घेत. मग त्या जर्मनीला जात.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. माणूस गेल्यावर ती तो ग्लास अंगणात नेऊन लिंडनच्या बुंध्याशी ओती. दर वेळी पाणी निळ्या रेषेच्या बोटभर खाली गेलेलं असे. कुणी चार तासांत जावो की चार दिवसांत, बोटभरच. खिडकीखाली रेडिएटर आहे, त्याने आटत असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात रेडिएटर बंद असतो, हा विचार तिने पुढे नेला नव्हता.

आणि आता नेदाकाकूच्या खिडकीतला हा ग्लास तिने ठेवलेला नव्हता. त्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं.

दोब्रिन्काने खाटेच्या पायथ्याचा केसपेपर उचलला. शनिवारी दुपारी दोनपर्यंत ताप, नाडी, रक्तदाब, सगळं भरलेलं. त्यापुढे कोरं. उजव्या हातावर सलाईन बाहेर गेल्याची सूज होती, निळी-जांभळी. सुई काढून तिथे नीट कापूस लावलेला होता. दुसरी सुई कुठेच नव्हती. तिने हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. पण चादर ताजी होती, केस विंचरलेले होते, झगा धुतलेला होता, आणि ओठ कुणीतरी ओल्या कापसाने वरचेवर पुसलेले होते. सगळं प्रेमाने केलं होतं. मरणाऱ्याचं करतात तसं.

"काकू, दही खाल्लंत का?"

"तोंडावर तरी सांगायचं होतंस गं," नेदाकाकू म्हणाली. आवाज कागदासारखा कोरडा होता. "चोरासारखा ठेवून गेलीस."

"मी नाही ठेवला."

"माझ्या नवऱ्याला ठेवला होतास तेव्हा मी इथेच बसले होते. तुझा ग्लास मी ओळखत नाही होय?" तिने दम घेतला. "आणि रोज येतेस की. जेवणाची गाडी गेली की येतेस. खिडकीशी पाठमोरी उभी राहतेस आणि पाणी पितेस. थोडं थोडं. हाक मारली तर वळत नाहीस."

दोब्रिन्काने सांगितलं की ती तीन दिवस बहिणीच्या मळ्यात द्राक्षं तोडत होती, हात अजून काळे आहेत. तिने हात दाखवले. नेदाकाकूने हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पांढरा कोट, मानेवर अंबाडा. आणि डावा खांदा उतरलेला."

दोब्रिन्काचा डावा खांदा उतरलेलाच होता. अडतीस वर्षं माणसं उचलून तो तसा झाला होता.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्यांपैकी एक जण, पित्ताशयाच्या दुखण्याची स्लावेया, न वळता बोलली. "मीही बघितलं. मला वाटलं, तुमची पाळी असेल."

सात वाजता गेर्गाना आली. ती चोवीस वर्षांची होती आणि महिनाअखेरीस हॅनोव्हरला नोकरीवर जाणार होती. रविवार-सोमवार तिने जर्मनच्या परीक्षेसाठी रजा घेतली होती. ग्लास दिसताच ती दारातच थांबली.

"मावशी, हा मीच ठेवलाय."

शनिवारी अकराच्या सुमाराला नेदाकाकूची शेजारीण भेटायला आली होती. तिने आजाऱ्याला नेतात तशी झ्द्रावेत्स या सुवासिक रोपाची डहाळी आणली होती, बरं वाटावं म्हणून. गेर्गानाने ती पाण्यात घालून खिडकीत ठेवली. दोनला तिची पाळी संपली. पुढे काय झालं ते वॉर्डबॉय किरोने सांगितलं. तो पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याला अजून वॉर्डबॉयच म्हणत. शनिवारी तिसऱ्या प्रहरी त्याने खोली पुसली, डहाळी मलूल झालेली दिसली म्हणून ती कचऱ्यात टाकली. ग्लास धुवायला न्यायचा राहिला. संध्याकाळच्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या. त्यांना खिडकीत नुसत्या पाण्याचा ग्लास दिसला. सलाईन बाहेर गेलं होतं. त्यांनी सुई काढली, कापूस लावला, आणि पुन्हा टोचलं नाही. दोब्रिन्का शुक्रवारी जाताना ठेवून गेली असणार, असं सगळ्यांनी धरलं. फोन करून कुणी विचारलं नाही. ग्लासाबद्दल विचारायचं नसतं.

"आणि फाटकावरचा कागद?" दोब्रिन्काने किरोला विचारलं.

किरो फरशीकडे बघत बोलला. समोरच्या अंत्यविधीच्या दुकानदाराला तो अधूनमधून सांगत असे, कुणाच्या खिडकीत ग्लास आहे ते. त्यात गैर काय, म्हणाला, घरच्यांची धावपळ वाचते. दुकानदार नाताळला राकियाची बाटली देतो, एवढंच. डहाळीचं विसरून सोमवारी त्याने दुकानात सांगितलं, दुकानदाराने नेदाकाकूच्या मुलीला स्पेनमध्ये फोन केला, तिने फोटो पाठवला. कागद छापून तयार ठेवायचा होता. सकाळी चिकटवणाऱ्याने इतरांबरोबर तोही चिकटवला.

"तुमचा ग्लास कधी चुकत नाही ना, सिस्टर," किरो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो तिची स्तुती करतो आहे.

गेर्गाना ग्लास उचलायला पुढे झाली. दोब्रिन्काने तिला थांबवलं.

"किती भरला होतास?"

"काठोकाठ. आणताना बोटांवर सांडलं."

रेडिएटर पंधरा ऑक्टोबरला सुरू होत. अजून दोन आठवडे होते.

दोब्रिन्का डॉक्टर मिनेवना जिन्यातच गाठायला गेली. ते आवाज खाली आणून म्हणाले की नेदाकाकूचे कागद त्यांनी तयार ठेवलेत, फक्त वेळ घालायची आहे. तिने विचारलं, कुणी सांगितलं. ते गोंधळले.

"तुम्हीच. म्हणजे, ग्लास."

"तुम्ही तिला तपासलंत?"

मिनेव वाईट डॉक्टर नव्हते. सव्वीस वर्षांचे असताना ते या इस्पितळात आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी दोब्रिन्काचा ग्लास असताना एका रुग्णाला हट्टाने टोचलं होतं. तो माणूस ओरडत ओरडत त्यांच्या हातात गेला. त्याची त्यांनी आता तिला आठवण करून दिली. "त्यानंतर अठरा वर्षं मी तुमच्या ग्लासाशी वाद घातला नाही, सिस्टर. आणि तो एकदाही चुकला नाही."

"कसा चुकेल?" दोब्रिन्का म्हणाली. "तुम्ही तपासत नाही, बायका टोचत नाहीत, किरो दुकानात सांगतो, आणि खाटेवरचा सगळं ऐकत असतो. कसा चुकेल, डॉक्टर?"

हे वाक्य तिने बोलायच्या आधी तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. कोठारावरचा हमाल खरोखर जाणारा होता, याची तिला आजही खात्री होती. पुढे ज्यांना ग्लास ठेवला त्या भूगोलाच्या मास्तरांबद्दलही खात्री होती. पण तीन नंबरमधली ती शिंपीण, जी दुपारी ग्लास पाहून म्हणाली, "असं होय," आणि संध्याकाळपर्यंत गेली? नेदाकाकूचा नवरा? चौतीस वर्षांत किती जण आपल्या दुखण्याने गेले आणि किती जण खिडकीकडे बघून गेले, हे आता कुणाला विचारायचं?

मिनेव तिच्याआधी चार नंबरमध्ये पोचले. त्यांनी छाती ऐकली, पोट बघितलं, रक्त घ्यायला सांगितलं. मग बाहेर येऊन, खोलीपासून दूर जाऊन, म्हणाले की फुप्फुस शुक्रवारपेक्षा बरं आहे. पाणी नाही अंगात, आणि अडीच दिवस औषध नाही. मूत्रपिंडांना इजा झाली नसली तर वाचेल. तिने साथ द्यायला हवी.

गेर्गानाला शीर सापडेना. दोनदा टोचून ती रडकुंडीला आली. दोब्रिन्काने गरम पाण्यात टॉवेल भिजवला, नेदाकाकूच्या डाव्या हाताला गुंडाळला, पाच मिनिटं धरून ठेवला आणि अंगठ्याच्या मुळाशी, केसाएवढी शीर, एका प्रयत्नात धरली. सात पन्नासला सलाईन सुरू झालं. तिने केसपेपरवर वेळ लिहिली.

पण नेदाकाकू तोंड उघडेना. लिंडनचा चहा ओठांशी नेला की ओठ मिटत. ती ग्लासाकडे बघत होती. दहा वाजता रक्तदाब जरा वर आला होता, बाराला पुन्हा उतरला. मिनेव दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा केसपेपर वाचून गेले. अंगात पाणी जात होतं आणि बाई हातातून जात होती. दोब्रिन्काला ते दिसत होतं. नाकाचं टोक. पांघरुणाची कड. शुक्रवारी यातलं काही नव्हतं. आज खिडकीत ग्लास नसता तर तिने स्वतः ठेवला असता.

"ग्लास काढून टाकूया ना मावशी," गेर्गाना कुजबुजली.

"काढू नकोस," नेदाकाकू म्हणाली. कान शेवटी जातात हे दोब्रिन्का विसरली नव्हती, पोर विसरली होती. "ती आली आणि ग्लास नसला, तर माझ्याकडे वळेल."

दोब्रिन्काने खाटेशेजारी खुर्ची घेतली. तिने इतर दोन खोल्या गेर्गानाला सांभाळायला सांगितल्या. एकाच रुग्णापाशी इतका वेळ बसणं तिच्या हिशेबात चूक होतं. एका सिस्टरला बावीस खाटा होत्या, आणि बसलेली सिस्टर म्हणजे कुणाची तरी न बघितलेली खाट, असं ती स्वतःच मुलींना शिकवी. तरी ती बसली.

साडेबाराला जेवणाची गाडी आली. मसुरीचं सूप, पाव, दही. पलीकडच्या तिघी उठून बसल्या, पण खिडकीकडे पाठ करून. गाडीची चाकं कॉरिडॉरच्या टोकाला गेली, दार आपटलं आणि आवाज थांबला. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं, त्यामुळे खोलीत ना सकाळ होती ना दुपार. स्लावेयाचा चमचा ताटलीवर अर्ध्यात थांबला.

नेदाकाकूची नजर दोब्रिन्काच्या खांद्यावरून मागे गेली.

दोब्रिन्काच्या मानेवर गार वाटलं. खिडकी बंद होती, सकाळी तिने स्वतः खिट्टी तपासली होती. तिच्या मागे काही आहे की नाही हे तिने बघितलं नाही. ती उठली, मागे न बघता डावा हात मागे नेला आणि कट्टा चाचपून ग्लास उचलला. मग ती खिडकी आणि खाट यांच्या मधे उभी राहिली, तोंड नेदाकाकूकडे करून.

"काकू. माझ्या तोंडाकडे बघा."

नेदाकाकूला नजर वळवायला वेळ लागला.

"तिचं तोंड तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"माझं बघा. मी आहे ही. आणि हे पाणी आज मी पिते."

मरणाऱ्याच्या खिडकीतलं पाणी कुणी पीत नाही. तिची आजी ते मांजरालाही पिऊ देत नसे. स्लावेया अर्धवट काही बोलली. दोब्रिन्काने ग्लास तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला. पाणी तीन दिवसांचं होतं, खोलीत उबट व्हायला हवं होतं. ते विहिरीतून आत्ता काढल्यासारखं दात दुखतील इतकं गार होतं. तिने तोंड हलू दिलं नाही. ग्लास पालथा करून एक थेंब खाली पडेपर्यंत धरला, मग कोटाच्या खिशात टाकला.

नेदाकाकू तिच्याकडे बघत राहिली, जणू ओळख पटवत होती. मग तिची नजर एकदा खिडकीकडे गेली, तिथे जराशी थांबली, आणि परत आली.

"दही आहे का?"

"आहे."

"आंबट असेल."

"असेल. खा."

तिने चार चमचे खाल्ले. पाचव्याला मान फिरवली, पण ती दही आंबट असल्याच्या तक्रारीने. तीन वाजता लघवी झाली, आणि दोब्रिन्काने ती मोजून लिहिली. इतक्या वर्षांत कुठल्याही आकड्याने तिला एवढा आनंद झाला नव्हता.

बुधवारी नेदाकाकूची मुलगी स्पेनहून आली, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, हातात फुलांचं चक्र घेऊन. आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?" मुलगी खाली बसली आणि तिला हसू की रडू ते कळेना. फाटकावरचा कागद दोब्रिन्काने कालच काढून आणला होता. फाडून टाकणार होती, पण नेदाकाकूने मागून घेतला. फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, चांगला आहे, हाच ठेवा, तारीख तेवढी कोरी राहू द्या. दहा दिवसांनी ती घरी गेली तेव्हा कागद घडी करून पर्समध्ये घेऊन गेली.

त्याच आठवड्यात दोब्रिन्काने नोंदवहीत सगळं लिहिलं. शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ, रुग्णाला उपचार नाहीत. कारण : मी सुरू केलेली खूण. मिनेव म्हणाले, लिहू नका, बाई वाचली, कुणी विचारलंही नाही. तिने पेन टोपण लावून खिशात ठेवलं, म्हणजे लिहून झालं होतं. आरोग्य खात्याचे दोघे येऊन चौकशी करून गेले. दोब्रिन्काला लेखी ताकीद मिळाली, अडतीस वर्षांतली पहिली. मिनेवनाही मिळाली. किरोला कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं, जिथून कुठलीच खिडकी दिसत नाही.

गेर्गाना जाण्याआधी निरोप घ्यायला आली तेव्हा दोब्रिन्का चादरी मोजत होती. पोरीने चेष्टेने म्हटलं, तिकडे मी ग्लास ठेवला तर त्या दिवशीच घरी पाठवतील, तिकडे म्हणे घोट घोट पाणीसुद्धा लिहावं लागतं.

"मग बरं आहे. जा. इथे थांब असं मी कुणाला सांगत नाही. पगार मिळतो तिथे जावं, आणि झोप मिळते तिथे तर जावंच." तिने चादरींचा गठ्ठा ठेवला. "एकच लक्षात ठेव. तुझा अंदाज कधी चुकत नाही असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी घाबर. खाटेवरच्याला जाऊन विचार."

"आणि ती कोण होती, मावशी? पाठमोरी?"

दोब्रिन्काने चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

नोव्हेंबरमध्ये दोन नंबरच्या खोलीत लाझार आला. तो फेरीबोटीवर मेकॅनिक होता, चाळीस वर्षं या काठावरून त्या काठावर गेलेला. यकृत संपलं होतं. चौथ्या दिवशी दोब्रिन्काला ते दिसलं, नाकाचं टोक, गुडघे, पांघरूण. तिचा हात सवयीने ग्लासांच्या फळीकडे गेला आणि परत आला. तिने मिनेवना खोलीत बोलावून खाटेशीच तपासायला लावलं. काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं ते केसपेपरवर शब्दांत लिहून घेतलं. मुलाला फोन केला, तो सोफियाहून निघाला. मग ती लाझारच्या शेजारी बसली आणि त्याला तोंडावर सांगितलं, दिवस थोडे आहेत, बहुतेक आजचाच. दुखणार नाही एवढं आम्ही बघू.

लाझारने ते ऐकून घेतलं.

"ग्लास नाही ठेवला?"

"नाही. मी बसलेय ना."

जेवणाची गाडी नुकतीच गेली होती. बाहेर धुकं होतं. लाझारची नजर सावकाश तिच्या उतरलेल्या खांद्यावरून मागे गेली आणि खिडकीपाशी थांबली.

"मग ती कोण?"

दोब्रिन्काने मागे बघितलं नाही. मानेवर गार वाटलं, आणि दातांत तीच ठणक आली.

"काय करतेय?"

"काही नाही. उभी आहे." त्याने डोळे बारीक केले. "काहीतरी शोधतेय कट्ट्यावर. तहानलेली वाटते."

"थांबू दे तिला," दोब्रिन्का म्हणाली. "आज पाळी माझी आहे."

तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की लाझारला तिचं तोंड पूर्ण दिसावं. दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले. मग त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे न बघता नाडी मोजू लागली.